काडी मोडली का?

दिवाळीच्या आधी घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा हे सगळं काढून टाकायचं हं!" दिवाळी होते, पाहुणे जातात आणि ते सगळं पुन्हा जिथल्या तिथे. हॉस्टेलवर हाच प्रकार शेवटच्या सेमिस्टरला होतो. चार वर्षांच्या जर्नल्स, ड्राफ्टर, शीट कंटेनर, वर्कशॉपचा एप्रन, बंद पडलेला मोबाईल, कधीच न उघडलेली रेफरन्स बुकं... भंगारवाला दारात उभा असतो, रद्दीचा भाव ठरलेला असतो आणि तरीही प्रत्येक रूममध्ये एक खोका असा निघतो की तो उघडलाही जात नाही आणि दिलाही जात नाही. आत काय आहे ते रूम पार्टनरला माहीत असतं, पण तीही विचारत नाही. एखादं ग्रीटिंग, एक ब्रेसलेट, सिनेमाची दोन तिकिटं, ट्रिपचा फोटो, कुणाच्या तरी अक्षरातल्या नोट्स. संपलेल्या नात्याचा खोका!

या खोक्याबद्दल दोन सल्ले मिळतात. एक मैत्रिणींचा: "जाळून टाक आणि मोकळी हो." दुसरा आपल्याच मनाचा: "राहू दे, कुठं खायला मागतोय!" मला विचाराल तर दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण दोन्हींत एक साधा प्रश्न विचारलेलाच नाही. या खोक्यातलं नक्की कुणाचं काय आहे? घरातली अडगळ आवरताना हा प्रश्न आपण न शिकवता विचारतो. नात्यातली अडगळ आवरताना मात्र विसरतो. म्हणून सुरुवात घरापासूनच करू.

मी सुरगाणा तालुक्यातली. नाशिक जिल्ह्याचं वायव्य टोक, पलीकडे गुजरातचा डांग. १९४८ पर्यंत हे एक छोटंसं संस्थान होतं. आज ओळख म्हणाल तर कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांचा डोंगराळ तालुका. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण. आमच्याकडची जुनी घरं कारवीच्या कुडाची. काड्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर कौलं आणि आत माळा. माळा हेच घराचं गोडाऊन. नागलीचं बियाणं, पावसाळ्यासाठी कोरडं सरपण, टोपल्या, दोऱ्या, मोडकी अवजारं सगळं तिथे. खालून चुलीचा धूर लागतो म्हणून बियाण्याला कीड कमी लागते. स्टोरेज आणि पेस्ट कंट्रोल एकाच डिझाइनमध्ये! आमच्या कुठल्याही ड्रॉइंग शीटवर मला अजून एवढं काटकसरीचं डिझाइन दिसलेलं नाही.

आता घरकुलं आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) नियमाप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. डोक्यावर पक्कं छत आलं, गळती थांबली, हे चांगलंच झालं. त्याबद्दल तक्रार करणाऱ्यानं एक पावसाळा गळक्या कौलांखाली काढून बघावा. पण स्लॅबच्या घराला माळा नसतो. आणि माळा गेला की दोन पिढ्यांचं सामान एका दिवसात खाली अंगणात येतं.

आमच्या वस्तीत असं घर हलताना मी पाहिलं आहे. घरातल्या सुनेचा हात भराभर चालत होता, आजी मात्र प्रत्येक वस्तूपाशी थांबत होती. बियाणं अर्थातच नव्या घरात गेलं. तुटक्या नांगराचा लोखंडी फाळ लोहाराकडे, लाकूड चुलीत. फाटकी लुगडी गोधडीसाठी बाजूला. मोठ्या टोपल्या शेजारणीनं मागून नेल्या. शेवटी उरलं एक इरलं. पूर्वी भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचे ते, बांबूच्या कांबींचं आणि पानांचं. आता सगळे प्लॅस्टिकचा कागद घेतात. सून म्हणाली, "आई, हे कोण घेणार आता?" आजी म्हणाली, "कोणी नको घेऊ. तुझ्या सासऱ्यानं बांधलंय ते." इरलं नव्या घराच्या पडवीत खुंटीला गेलं. बाकी अंगण संध्याकाळपर्यंत मोकळं.

त्या दिवशी नुसतं 'फेकलं' असं फारच थोडं गेलं. प्रत्येक वस्तूला एक वाट मिळाली. काही कामाला लागलं, काही ज्याला हवं त्याच्याकडे गेलं, काही चुलीत गेलं आणि एकच वस्तू केवळ आठवण म्हणून राहिली. एकच! ती कोणती हेही जिची आठवण होती तिनंच ठरवलं, सुनेनं नाही. अडगळ आवरण्याचं याहून चांगलं मॅन्युअल मला तरी माहीत नाही. गोधडीचंही असंच. आईचं लुगडं, वडिलांचं धोतर, भावाचा शर्ट, सगळे थर एकत्र शिवायचे आणि पांघरायचे. आठवण कपाटात पडून राहत नाही आणि उकिरड्यावरही जात नाही, थंडीत कामाला येते.

हल्ली 'कमीत कमी वस्तूंत जगा' अशी लाट आहे. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक तिकडे २०१० च्या अखेरीस आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली आणि हातात वस्तू धरून 'हिच्यानं आनंद होतो का?' असं स्वतःला विचारायची पद्धत जगभर गेली. पद्धत वाईट नाही. पण माझ्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. अख्खं बिऱ्हाड एका पिकअपमध्ये मावतं. दोन पातेली, तवा, गोधड्या, पोरांची दप्तरं. त्यांना 'कमी सामानात सुखी राहा' असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व पटवण्यासारखं आहे. नसणं वेगळं आणि सोडणं वेगळं. सोडायला आधी ते आपलं असावं लागतं.

आता 'आपलं' या शब्दाची गंमत बघा. १९९० साली डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांपैकी काहींना कॉफीचे साधे मग दिले आणि मग विकायची किंमत विचारली. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना किती देऊन घ्याल असं विचारलं. मग तोच, दुकानातला. पण ज्यांच्या हातात तो काही मिनिटांपूर्वी पडला होता त्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत सांगितली! (यातल्या काह्नमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) काही मिनिटं आपला झालेला मग सुटत नाही, तर दोन वर्षं जपलेलं ब्रेसलेट कसं सुटेल? तेव्हा खोका उघडताना हात थरथरला तर स्वतःला कमकुवत समजू नका. माणसाची वायरिंगच अशी आहे.

या वायरिंगला एक बायपासही सापडला आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या हॉस्टेलांवर टर्म संपताना वस्तू दान करण्याची मोहीम घेतली. काही हॉस्टेलांमध्ये 'जिव्हाळ्याच्या वस्तूचा फोटो काढा आणि मग द्या' असं सांगितलं, बाकीच्यांत नुसतं 'द्या' सांगितलं. फोटो काढायला सांगितलेल्या ठिकाणी सुमारे १५ टक्के जास्त वस्तू आल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याला वस्तू सोडायची भीती नसते, आठवण सुटेल याची असते. आठवणीची सोय लागली की हात सैल होतो. आपल्या हॉस्टेलवर हे फुकटात करता येण्यासारखं आहे. पहिल्या वर्षाला शिकलेल्या बास्केटबॉल टीमची जर्सी, पाहिजे तर फोटो काढा आणि ज्युनिअरला देऊन टाका.

पण नात्याच्या खोक्यात एक अडचण जास्तीची असते. तिथे मालक एकटे आपण नसतो.

आपल्या भाषेत घटस्फोटाला एक जुना, रांगडा शब्द आहे, काडीमोड. शब्द आला तो प्रत्यक्ष रीतीवरून. आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत नवरा-बायको वेगळे व्हायचे तेव्हा पंचांसमोर गवताची काडी मोडायचे. कट् असा आवाज झाला की संपलं. त्याबरोबर देण्याघेण्याचा हिशोब व्हायचा. लग्नात मुलाकडच्यांनी दिलेलं देज परत करायचं का, किती करायचं, भांडीकुंडी कुणाची, यावर चर्चा व्हायची आणि मग दोघंही नवा संसार मांडायला मोकळे. या रीतीचं मला उगाच कौतुक करायचं नाही. पंच बहुतेक पुरुषच असायचे, आणि बाईच्या सुटकेची किंमत पैशात ठरायची यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? पण त्या काडीत दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. एक, 'संपलं' हे दोघांना एकाच वेळी, साक्षीदारांसमोर कळायचं. दोन, कुणाचं कुणाकडे काय राहिलं ते त्याच बैठकीत निघायचं.

आमच्या पिढीच्या ब्रेकअपमध्ये काडीच नाही! व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलं की झालं. एकाला वाटतं संपलं, दुसरा महिनाभर 'लास्ट सीन' बघत बसतो. हिशोब तर होतच नाही. त्याची पुस्तकं हिच्याकडे, हिचा पेन ड्राइव्ह त्याच्याकडे, उसने घेतलेले पैसे विसरल्यात जमा, ओटीटीचा पासवर्ड अजून चालू, मेलचं लॉगिन अजून त्याच्या लॅपटॉपवर. आणि या सगळ्याला आपण 'आठवणी' म्हणतो. खरं तर यातल्या निम्म्या आठवणी नसून थकबाकी आहेत. थकबाकी जपून ठेवायची नसते, फेडायची असते.

म्हणून माझं म्हणणं असं की खोका आवरताना पहिली चाळणी भावनेची लावू नका, मालकीची लावा. जे दुसऱ्याचं आहे ते परत. समोरासमोर जमत नसेल तर दोघांच्याही विश्वासातल्या मित्राच्या हाती, तोच आपला पंच. सोबत चिठ्ठी, टोमणा, जुनी भांडणं काही पाठवायचं नाही. एकमेकांना दिलेल्या भेटी मात्र परत मागू नयेत, दिलं ते दिलं. मिळालेली भेट वापरायची असेल तर बिनधास्त वापरा. कॅल्क्युलेटर कुणी दिला यानं इंटिग्रेशनचं उत्तर बदलत नाही! वापरवत नसेल तर गरजू ज्युनिअरला द्या. जाळपोळीचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे. गच्चीवर रात्री ग्रीटिंग जाळायची, त्याचा व्हिडिओ काढायचा, स्टेटसला टाकायचा... म्हणजे ज्याला विसरायचं त्याच्यासाठीच केलेला कार्यक्रम!

आता मुद्दा येतो तो सगळ्यात महत्त्वाचा, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आजचा खरा खोका पुठ्ठ्याचा नसतो, मोबाईलमध्ये असतो. दोघांनी विश्वासानं काढलेले, पाठवलेले फोटो, व्हिडिओ, रात्रीच्या गप्पा. नातं संपतं आणि ते फोनमध्ये तसंच राहतं. "मी कुणाला दाखवणार थोडीच आहे? माझ्या फोनमध्ये आहे," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण फोन तुमचा असला तरी त्या फोटोतला चेहरा तुमचा नाही. मुंबई-पुण्यात कदाचित चार दिवस बोभाटा होईल आणि विरेल. तालुक्याच्या गावात तसं होत नाही. गावाच्या ग्रुपवर एक फोटो फिरला तर पहिला निर्णय काय होतो माहीत आहे? मुलीचं कॉलेज बंद. गुन्हा कुणी केला हे नंतर, आधी तिची बॅग हॉस्टेलवरून घरी. डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरून इथपर्यंत पोचायला तिला बारा वर्षं लागलेली असतात, परत पाठवायला एक फॉरवर्ड पुरतो. असा फोटो फोनमध्ये 'आठवण म्हणून' ठेवणारा कितीही सज्जन असो, फोन हरवतो, रिपेअरला जातो, मित्राच्या हाती पडतो. तेव्हा ती भीती तिच्या डोक्यावर कायम टांगलेली. हेच उलट बाजूनंही खरं आहे, मुलांचेही फोटो आणि चॅट मुलींकडे असतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ तर आणखी एक गोष्ट सांगतं. स्त्रीनं असं चित्र काढायला संमती दिली असली पण पसरवायला दिली नसेल, तरी पसरवणं गुन्हाच आहे. "तिनंच पाठवला होता" ही सबब चालत नाही. आणि कुणी धमकी देत असेल तर गप्प बसू नका. पोलिसांकडे जाता येतं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक सोयही डिसेंबर २०२१ पासून आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तसाच फोटो कुणी टाकायला गेलं तर ओळखून अडवता येतो. आपल्याला डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात सात मार्कांना येणारं हॅशिंग इथे कुणाची तरी अब्रू वाचवतं.

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट आपल्याला कळायलाच हवी. डिलीट म्हणजे नाहीसं नव्हे. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा फक्त तिची नोंद पुसली जाते. माहिती तिथेच असते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोनमध्ये तर एका फोटोच्या चार प्रती असतात. गॅलरीत एक, व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये एक, क्लाउड बॅकअपमध्ये एक, ट्रॅशमध्ये एक. चारही ठिकाणी जाऊन पुसलं तर पुसलं. जुना फोन विकण्याआधी सगळे अकाउंट काढून फॅक्टरी रीसेट करा. आजकालच्या फोनमध्ये माहिती एन्क्रिप्ट केलेली असते, रीसेट केल्यावर तिची किल्लीच नष्ट होते. आणि हे झाल्यावर समोरच्याला एकच ओळ कळवा: "तुझे फोटो सगळीकडून काढले आहेत." आमच्या पिढीची काडी मोडायची असेल तर ती ही अशी मोडावी. आवाज होत नाही, पण समोरचा माणूस सुटतो.

मग काहीच ठेवायचं नाही का? ठेवा की! आठवण जपण्याचीही एक मोठी परंपरा आहे. क्रोएशियात झाग्रेब शहरात तुटलेल्या नात्यांचं संग्रहालय आहे. ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच हे जोडपं वेगळं झालं, तेव्हा दोघांच्या वस्तूंचं काय करायचं या प्रश्नातून २००६ मध्ये त्यांनी प्रदर्शन भरवलं आणि २०१० मध्ये कायमचं संग्रहालय उघडलं. लोक आपापल्या संपलेल्या नात्यातली एक वस्तू आणि तिची गोष्ट देतात, तीही नाव न सांगता. तिथे एक कुऱ्हाड आहे. जोडीदार सोडून गेल्यावर १४ दिवस रोज तिच्या फर्निचरमधली एकेक वस्तू फोडायला वापरलेली! फर्निचर गेलं, राग गेला, कुऱ्हाड तेवढी उरली.

आणि इतकं लांब कशाला, पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, दरवाजे अशा लोकांच्या घरातल्या वस्तू जमवल्या. त्यातल्या कितीतरी कुणाच्या तरी माळ्यावरची अडगळ असतील. लहानपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरात गेलेला तो संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. मुलाची आठवण त्यांनी सोडली नाही. वस्तू मात्र सोडल्या, सगळ्यांसाठी. जपणं आणि सोडणं एकाच माणसाला एकाच वेळी जमतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटतं.

आपल्यापैकी प्रत्येकाला संग्रहालय काढायचं नाही. आपल्याला फक्त एक खुंटी पुरते. एक ग्रीटिंग, एक तिकीट, काय ते एक ठेवा, आणि ते असं ठेवा की उद्या आईनं, नवऱ्यानं किंवा बायकोनं पाहिलं तरी शांतपणे सांगता येईल. जे लपवावं लागतं ते ओझं असतं. असून अडचण, नसून खोळंबा.

आणि शेवटची एक अट, ती आजीकडून घेतलेली. दुसऱ्याचं इरलं आपण टाकायचं नाही. रूम पार्टनरचा खोका तिचा आहे. आईच्या ट्रंकेतलं आईचं आहे. तिला त्यातलं काय ठेवायचं ते ती ठरवेल, तिच्या वेळेनं. आपण आपल्यापुरतं अंगण झाडावं.

तर मित्रमैत्रिणींनो, या सेमिस्टरच्या शेवटी भंगारवाला येईल तेव्हा त्याला जर्नल्स द्या, ड्राफ्टर ज्युनिअरला द्या, आणि मग फोन हातात घ्या. कुणाचं काही तुमच्याकडे राहिलं आहे का बघा. राहिलं असेल, तर सबमिशनच्या आधी हे सबमिशन उरकून टाका.